काठाशी आणलेला जिताडा सुटला, जाळी चुकली की मी चुकलो?

भरती_ओहोटी:
चार दिवस झाले तरी डोळ्यासमोरून जात नाहीये म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, पण प्लीज शेवटपर्यंत वाचा, उत्तर खरंच हवंय.

रविवारी पहाटे मी आणि मामा गरवायला (गळाने मासे धरायला) गेलो होतो. ओहोटी लागून तासभर झाला असेल, पाणी खडकाच्या नाकावरून वळून खोल डोहात पडतं तिथे मी ल्युअर (खोटा मासा) टाकत होतो, १२ सेंटीमीटरचं, खाली दोन ट्रेबल हुक (तीन टोकांचे गळ). लाईन ३० पौंड ताण सोसणारी ब्रेड (विणलेली दोरी), पुढे ल्युअरला बांधायचा ४० पौंडाचा फ्लुरोकार्बन तुकडा, म्हणजे लीडर, साधारण हातभर. एक ठोका बसला, मग काहीच नाही, मी परत गुंडाळायला घेतलं आणि रील जी सुटली ती थांबेचना. पहिल्या धावेत साठेक मीटर लाईन गेली असेल. मग वर आला, अर्धा पाण्याबाहेर, तोंड उघडं आणि डोकं असं झटकत होता की कल्ल्यांचा खडखडाट आम्हाला काठावर ऐकू आला. जिताडा. मामा नुसते "सैल सोडू नको, सैल सोडू नको" म्हणत होते.

वीसेक मिनिटांनी तो दमून पायाशी आला, कुशीवर कललेला. मी आजवर धरलेला सगळ्यात मोठा जिताडा ७४ सेंटीमीटरचा. हा मीटरच्या वर होता, मामांचाही तोच अंदाज, आणि मामा वाढवून सांगणाऱ्यातले नाहीत. मी म्हटलं जाळी लावा, मामांनी लावली, जाळीची कड त्याला लागली तसा तो खाली डोकं घालून एकदम वळला. एक टच आवाज. रॉड सरळ झाला. जाळीत काही नाही, लाईनच्या टोकाला काही नाही.

आणि मी मामांवर ओरडलो. "काय केलंत हे!" असंच म्हणालो. ज्या माणसाने मला सात वर्षांचा असताना गाठ मारायला शिकवलं त्याच्यावर. ते काही बोलले नाहीत, जाळी धुतली, घडी केली, परत येताना पण गप्प. तेव्हापासून फोन नाही.

तर प्रश्न असा की जाळी चुकली म्हणून मासा गेला की माझंच काही चुकलं? मला खरं ऐकायचंय, समजूत नकोय.

रॉड_रील_रोज:
भाऊ, वाचतानाच पोटात गोळा आला, हातातोंडाशी आलेला घास गेला की काय होतं ते इथे सगळ्यांना माहितीये.

पण दोष कुणाचा हे ठरवायच्या आधी एक काम कर, लीडरचं तुटलेलं टोक उजेडात धरून बघ, फेकलं नसशील तर. ते टोक सगळं सांगतं. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सुटली, म्हणजे तू नीट आवळली नव्हतीस किंवा कोरडी आवळलीस (फ्लुरो कोरडा आवळला की घर्षणाने तापतो आणि तिथेच कच्चा होतो, थुंकी लावून हळू ओढायचा). टोक ब्लेडने कापल्यासारखं साफ असेल तर कल्ल्याच्या झाकणाने कापलं, जिताड्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते, ज्याने हात घातलाय त्याला ती खूण आयुष्यभर पुरते. टोक लांब ओढल्यासारखं बारीक झालं असेल तर ताण जास्त झाला. आणि पांढरट, खरखरीत, बोटाला लागेल असं असेल तर घासून घासून गेलं.

अजून एक सांग, ल्युअर कुठे आहे? जाळीत अडकलेलं मिळालं की माशाबरोबर गेलं?

भरती_ओहोटी:
ल्युअर माशाबरोबर गेलं. रॉड त्या दिवसापासून कोपऱ्यात तसाच उभा आहे, हात लावावासा वाटला नाही. संध्याकाळी बघून सांगतो.

रॉड_रील_रोज:
मग जाळीवरचा अर्धा आरोप इथेच गेला. जाळीने मासा घालवायचा नेहमीचा प्रकार म्हणजे मोकळा लोंबणारा ट्रेबल जाळीच्या दोऱ्यात अडकतो, मासा अजून बाहेर असतो, त्याला जोर लावायला घट्ट आधार मिळतो आणि तो गळातून सुटतो. तसं झालं असतं तर ल्युअर तुझ्या जाळीत लटकत राहिलं असतं. तुझी जाळी रिकामी होती.

खडकावरची:
मी लिहिणार नव्हते, पण ते जाळी धुऊन घडी केली वाचलं आणि राहवलं नाही.

आमच्याकडे रॉड भावाच्या हातात आणि जाळी माझ्या हातात, गेली बारा वर्षं. दादा, तुम्हाला जाळी धरणाऱ्याचं सांगते. मासा सुटला की रॉडवाल्याचा मासा जातो, पण जाळीवाल्याला वाटतं आपण दुसऱ्याचा मासा घालवला, आणि हे जास्त टोचतं. माझ्याकडून एकदा गेलाय, शेपटीकडून जाळी घातली होती मी. भाऊ काही म्हणाला नाही तरी मला महिनाभर चुटपुट होती. तुम्ही तर बोललात.

आता जाळीचं. जाळी माशाकडे न्यायची नसते, मासा जाळीवर आणायचा असतो. जाळी आधीच पाण्यात बुडवून स्थिर ठेवायची, रॉडवाल्याने माशाचं डोकं वर ठेवून त्याला जाळीवर ओढायचं, डोकं आत गेलं की मगच उचलायची. डोक्याकडूनच का, तर मासा बिथरला की पुढे पळतो, म्हणजे जाळीतच शिरतो. शेपटीकडून गेलात तर पुढे पळायला सगळा डोह मोकळा. आणि जाळीची कड अंगाला लागली की मेल्यासारखा पडलेला मासा पण एक शेवटची धाव मारतोच, ती धरूनच चालायचं.

म्हणजे मामांची जाळी अंगाला लागली हे खरं असेल. पण "जाळी लावा" तुम्ही म्हणालात ना? मासा तेव्हा खरंच तयार होता का? आमच्यात नियम आहे, जाळी कधी घालायची ते जाळीवाला ठरवतो, कारण त्याला मासा दिसत असतो. रॉडवाल्याला फक्त घाई दिसते.

जुना_गळ:
खडकावरची ताईंनी बरोबर सांगितलं. मला विचारायचंय ते वेगळं. शेवटी लाईन किती बाहेर होती? आणि ड्रॅगला (रीलच्या ब्रेकला) हात लावलास का, खरं सांग.

कारण सगळ्यात जास्त मोठे मासे शेवटच्या दोन मीटरला जातात आणि ते नशीब नसतं. मासा पन्नास मीटरवर असताना पाण्यातल्या लाईनचा झोल, रॉडचा पूर्ण बाक, हे सगळं त्याचे झटके गिळत असतं. ब्रेड जवळजवळ ताणतच नाही, मोनो (साधी नायलॉनची लाईन) निदान थोडी ताणते. मासा पायाशी आला की तो झोल संपला. त्यात माणूस रॉड उभा करतो, मग पूर्ण रॉड काम न करता नुसता शेंडा वाकतो, आणि बाहेर हातभर लाईन. आता मासा वळला तर तो झटका घ्यायला काहीच उरलं नाही, थेट लीडरवर. म्हणून रॉडच्या लांबीएवढी तरी लाईन बाहेर ठेवायची, रॉड खाली आणि बाजूला, आणि जाळी घालायच्या वेळी मागे सरकून मासा आणायचा, रील फिरवून नाही.

ड्रॅगचं पण एक ऐक. मासा लांब असताना स्पूल (लाईन गुंडाळलेली रिळ) रिकामा होतो, त्याचा घेर कमी होतो, म्हणून तोच ड्रॅग जास्त जड लागतो. लाईन परत भरली की घेर वाढतो आणि ड्रॅग हलका वाटायला लागतो. माणसाला वाटतं सैल झाला, आणि नेमका चुकीच्या वेळी तो घट्ट करतो. खरं तर तेव्हा अर्धा क्लिक सैल करून गरज पडली तर स्पूलवर बोट दाबायचं, बोट एका क्षणात उचलता येतं, नॉब उलटा फिरवायला वेळ नसतो. मी घरून निघतानाच वजनकाट्याला लाईन अडकवून मोजून घेतो, सेटअपमधलं जे सगळ्यात कच्चं असेल त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जात नाही. तुझ्या ३० पौंडाला म्हणजे साडेचार किलोच्या आसपास, त्याच्या वर नको.

तळ_शोधक:
वाईट वाटलं भावा. बाकी सगळे टेक्निकल सांगतायत म्हणून मी एवढंच म्हणतो, मी नऊ वर्षांपूर्वी घालवलेला मासा अजून आठवतो आणि त्यानंतर धरलेले बरेच विसरलोय. हे जात नाही, पण त्रास द्यायचं थांबतं. त्या दिवसाचं सगळं लिहून ठेव, भरती किती वाजता, वारा कुठला, पाणी गढूळ होतं की नितळ. तो जिथे लागला तिथे तो उगाच नव्हता आला.

भरती_ओहोटी:
बघितलं. लीडर मी ५० सेंटीमीटर बांधला होता, हे नक्की, कारण मी रॉडच्या मुठीला लावून मोजतो. आता ३९ उरलाय. म्हणजे ल्युअरच्या वर चार-पाच बोटांवर तुटला. गाठ सुटलेली नाही. टोक पांढरं झालंय आणि शेवटचा दोन इंच भाग बोटाने चाचपला तर कानशीसारखा लागतो.

जुना गळ दादा, तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगतो. ड्रॅग मी घट्ट केला होता, दोन क्लिक, मला तो सैलच वाटला होता, अगदी तुम्ही लिहिलंय तसा. आणि लाईन जेमतेम अडीच-तीन फूट बाहेर, लीडरची गाठ शेंड्याच्या रिंगजवळ आली होती, रॉड उभा. मला तो फक्त जवळ हवा होता.

रॉड_रील_रोज:
मग झालंच उत्तर. जिताड्याचे दात टोकदार नसतात, बारीक असतात, पॉलिशपेपरसारखे, एका झटक्यात तोडत नाहीत पण वीस मिनिटं डोकं झटकत राहिला की लीडर खात राहतात. चार-पाच बोटं म्हणजे बरोबर ओठाच्या आणि कल्ल्याच्या पट्ट्यात. तो लीडर जाळी पाण्यात जायच्या आधीच अर्धा संपला होता, उरलेला तुझ्या दोन क्लिकने आणि तीन फुटांनी गेला. कड लागली म्हणून तो वळला हे ठीक, पण शाबूत लीडर आणि सैल ड्रॅग असता तर तो वळला असता, दहा मीटर पळाला असता आणि परत आला असता.

एवढ्या माशाला खडकाजवळ ४० कमीच, ६० बांध. आणि हातभर नको, मीटरभर तरी. प्रत्येक माशानंतर, छोटा असला तरी, शेवटचा वीतभर भाग दोन बोटांत ओढून बघायचा, जरा जरी खरखरीत लागला तर कापून परत गाठ. त्या सकाळी आधी काही लागलं होतं का?

भरती_ओहोटी:
हो. तासभर आधी एक छोटा जिताडा, दोन किलोचा असेल. सोडला आणि त्याच लीडरवर पुढे टाकत राहिलो.

एक अजून विचारतो. त्याच्या तोंडात ते दोन ट्रेबल राहिलेत. तो जगेल का? सुटला त्याच्यापेक्षा आता हेच जास्त डोक्यात येतंय.

खडकावरची:
दादा, तो नाही, ती. जिताडे जन्माला येतात ते बहुतेक नर म्हणून आणि मोठे झाले की मादी होतात. मीटरच्या वरचा म्हणजे मादीच असणार जवळजवळ नक्की. एवढी मोठी मादी एका हंगामात काही कोटी अंडी टाकू शकते, म्हणून आम्ही तेवढी मोठी मिळाली तरी मोजून पाण्यातच सोडतो. ओली जाळी, ओले हात, पोटाखाली आधार, एवढ्या वजनाची मादी जबड्याने उभी लटकवायची नाही, मणक्याला आणि जबड्याला इजा होते.

गळाचं म्हणाल तर ओठात किंवा जबड्याच्या कडेला लागला असेल तर बरेचदा भोक मोठं होऊन मासे तो झटकून टाकतात. आत घशात असेल तर अवघड. तुमचा ल्युअर होता, जिवंत आमिष नव्हतं, आणि लीडर ल्युअरच्या वर ओठाशी घासला, म्हणजे ल्युअर बाहेरच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त. पण दोन ट्रेबल म्हणजे सहा टोकं, एक तोंडात आणि दुसरा डोळ्याजवळ किंवा कल्ल्यात असं होऊ शकतं. आम्ही ट्रेबल काढून एकेकच सिंगल हुक लावतो आणि त्याच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकतो. लाईन ताठ ठेवली तर मासे त्यामुळे जास्त सुटत नाहीत, माझा तरी अनुभव तसा. आणि तुटलाच लीडर तर तिला हुक झटकून टाकता येतो.

जुना_गळ:
हे काट्याचं मी उशिरा शिकलो. ताईंचं ऐक.

आणि मामांना फोन कर. टोकाचा फोटो आधी पाठव, मग फोन कर, गरवणाऱ्या माणसाला फोटो बघूनच कळेल.

भरती_ओहोटी:
फोटो पाठवला. खाली लिहिलं, "लीडर आधीच गेला होता मामा, ड्रॅग मी घट्ट केला, तुमची जाळी नव्हती, मी बोललो ते चुकलं." दहा मिनिटं नुसत्या दोन निळ्या खुणा दिसत होत्या. मग त्यांचाच फोन आला.

म्हणाले, ती कुशीवर होती पण शेपटी अजून चालू होती, मला दिसत होतं, तू लावा म्हणालास म्हणून लावली, मी थांबायला हवं होतं. म्हणजे चार दिवस ते पण तेच करत बसले होते. मी म्हटलं यापुढे जाळी कधी घालायची ते तुम्ही सांगायचं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ६० चा लीडर आहे का तुझ्याकडे, नसेल तर माझ्याकडे आहे, आणि तो ल्युअरचा डबा घेऊन ये, ट्रेबल काढून ठेवू सगळे.

पंधरा दिवसांनी ओहोटी परत तशीच पहाटे येतेय. त्याच खडकावर जाणार आहोत, लीडरच्या गाठी मामा मारणार आहेत.