पहिली-दुसरीच्या भिंतीवरचा ताऱ्यांचा तक्ता उतरवायला हवा

पहिलीच्या बाई (जावळी)

जून उजाडला की आमच्या केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या) बहुतेक शाळांत पहिली-दुसरीच्या भिंतीवर एक कार्डशीट चढतं. डावीकडं पोरांची नावं, वर सोमवार ते शनिवार. गप्प बसला, तारा. नखं कापून आला, तारा. खिचडी न सांडता खाल्ली, तारा. शनिवारी मोजणी आणि पहिल्या तिघांना पेन्सिल. तक्त्याचा फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर पडतो आणि खाली ‘अप्रतिम उपक्रम’ची रांग लागते.

माझं म्हणणं सरळ आहे, हा तक्ता उतरवा. चौथीचं पोर हिशेब करून वागतं, त्याला चालेल. पहिलीचं तसं नाही. ३१ डिसेंबरला सहा पूर्ण होत असतील तरी प्रवेश मिळतो, म्हणजे जूनमध्ये पोर साडेपाच वर्षांचंही असतं. सोमवारी नीट वागल्याचं फळ शनिवारी मिळतं हे त्याच्या गावीही नसतं. त्याला एवढंच दिसतं की शेजारच्या ओळीत चमचम आहे आणि आपल्या ओळीत नाही. तारे पडतात कुणाला तेही बघा. ज्याची नखं घरी आजी कापते, जे अंगणवाडीत रोज बसून आलंय, त्यालाच. ज्याला मुळात बसायची सवय लावायची आहे त्याची ओळ श्रावण आला तरी कोरी, आणि मग ते तक्त्याकडं बघायचंच सोडून देतं.

वर्ग हातात राहतो तो आठवड्याच्या घडीनं. सोमवारी परिपाठ झाला की गोल करून बसायचं आणि रविवारी काय केलं ते सांगायचं. चेंडू ज्याच्या हातात तोच बोलणार. मंगळवारी चिंचोके आणि काड्यांचे गठ्ठे. बुधवारी व्हरांड्याच्या फरशीवर पाण्यानं अक्षरं. गुरुवारी गोष्ट, पण अर्धीच, उरलेली शुक्रवारी. (शुक्रवारी कोण गैरहजर राहतं बघा मग.) शनिवारी दप्तर नाही. २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’ शासनानंच दिलाय, फक्त तो भाषणात घालवू नये.

आणि कामं. पाणी, खडू-डस्टर, गोष्टीची पुस्तकं, चपलांची ओळ. दर सोमवारी कामं बदलायची. सगळ्यात दंगेखोर पोराला चपला द्या. आमच्याकडं असं एक आहे. दारात उकिडवं बसून डावी-उजवी जुळवतं, कुणाची चप्पल उलटी पडली असेल तर मालकाला आतून बोलावून आणून त्याच्याकडूनच सरळ करून घेतं. तेवढा वेळ ते कुणाला चिमटा काढत नाही.

छडी गेली हे चांगलंच झालं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही बंदी घातली आहे. सहा वर्षांच्या पोराची कोरी ओळ सगळ्या वर्गासमोर टांगून ठेवणं या दुसऱ्या भागात बसतं की नाही, यावर बोला.

कोयनाकाठ

बाई, आठवड्याची घडी वाचून बरं वाटलं. ती बसवायला वर्गात बाई हजर लागते, हे लिहायचं राहिलं तुमचं. कायद्यानं ६० पोरांच्या पटापर्यंत दोनच शिक्षक. पाटण तालुक्यातल्या आमच्या वाडीत पहिली ते चौथी आम्ही दोघं. माझ्याकडं पहिली-दुसरी एकत्र, आणि सर माहिती द्यायला तालुक्याला गेले की तिसरी-चौथीही माझ्याच गळ्यात. एका गटाला गोल करून चेंडू दिला की दुसरा गट खिडकीवर चढलेला असतो.

जुलैचं सांगते. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ओरडून घसा बसतो, बाकी काही होत नाही. तेव्हा मी एक शब्द न बोलता तक्त्यापाशी जाते आणि ताऱ्यांची डबी उघडते. पहिल्या रांगेतली पोरं मागच्यांना कोपरानं ढोसतात, मागचे त्यांच्या मागच्यांना, आणि वर्ग जागेवर. तुम्ही याला लालूच म्हणा. मला त्या पंधरा मिनिटांत दुसरीला हातच्याची बेरीज दाखवता येते.

कोरी ओळ राहते ती बाईमुळं, तक्त्यावर ढकलू नका. माझ्याकडं प्रत्येकाला वेगळी अट आहे. एकाला पाढा म्हटला की तारा, दुसऱ्याला दिवसभरात कुणाला चावलं नाही म्हणून तारा. शनिवारपर्यंत कुणाचीच ओळ रिकामी राहू द्यायची नाही हे मी बघते. पेन्सिल-बिन्सिल काही देत नाही.

चपलांचं काम मात्र उचलते.

फडावरचा मास्तर (कराड)

कोरी ओळ म्हटलं की मला ऊसतोड दिसते. दिवाळीच्या आगंमागं कारखाने सुरू होतात, बीडकडच्या टोळ्या उतरतात, फडाच्या कडेला कोप्या पडतात. मग पोरं वर्गात. काहींकडं शिक्षण हमी कार्ड असतं (गाव सोडलं तरी जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं), काहींकडं नसतंही. जूनमध्ये केलेल्या तक्त्यात यांची नावं सगळ्यात खाली, पेनानं घुसडलेली.

मागच्या हंगामात एका पोरीनं बिस्किटाच्या पुड्यातला चंदेरी कागद फाडून, भाताची शितं लावून आपल्या नावापुढं स्वतःच चिकटवला. वर्ग ओरडला, सर, हिनं चोरून लावला! मी तो काढला नाही. पण कार्डशीट गुंडाळून कपाटावर टाकलं आणि तेव्हापासून फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं टिंबं देतो. शनिवारी शाळा सुटताना पुसायचं. सोमवारी इथला काय आणि टोळीतला काय, सगळे एका रेषेत. फोटो चांगला येत नाही एवढाच तोटा.

माणदेशी

आमच्याकडं उलटी गत. दिवाळी झाली की मेंढरांमागं बिऱ्हाड निघतं, पोरगं गायब, पावसाळ्याच्या तोंडावर परत. जावळीच्या बाई, तुमची गुरुवारची अर्धी गोष्ट त्याला पुढच्या जूनमध्ये पुरी ऐकायला मिळायची बघा. हजेरीची घडी बसल्याशिवाय आठवड्याची बसत नाही.

साताऱ्यातला एक बाप

मी मास्तर नाही, पोरगी दुसरीत आहे. तक्ता काढू नका असं माझं म्हणणं. २०१० पासून प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदी आल्या. ‘वर्गकार्यात रस घेते.’ ‘इतरांना मदत करते.’ आमच्या आळीतल्या चार पोरांची पुस्तकं शेजारी ठेवली, नोंदी सारख्याच, नुसतं करतो-करते बदललेलं. तक्त्यावर निदान दिसतं की बुधवारी काहीतरी बिनसलं होतं. घरी विचारलं तर कळलं, डबा शेजारणीनं खाल्ला म्हणून भांडण झालं होतं. बाईंनी एरवी हे मला कधी सांगितलं असतं?

पहिलीच्या बाई (जावळी)

दादा, बुधवारी बिनसलं हे तुम्हाला कळायला हवं, शंभर टक्के. ते सगळ्या वर्गाला आणि पोषण आहाराचं सामान टाकायला आलेल्या टेंपोवाल्याला कळायची काय गरज? वहीत दोन ओळी लिहून पाठवता येतात. चार पुस्तकांत एकच नोंद असते हे खरं आहे आणि त्याची लाज आम्हालाच वाटायला हवी.

कोयनाकाठ मॅडम, तुमची डबी चालते ती पावसामुळं, असं मला वाटतं. आवाज पोचत नाही म्हणून खूण लागते. मग खूण ताऱ्याचीच कशाला? दोन टाळ्या, एक मांडीवर थाप, पोरांनी तोच ठेका परत द्यायचा. पहिली रांग वाजवायला लागली की मागच्यांना ऐकू नाही आलं तरी दिसतं. हात गुंतलेले असतात, म्हणून चिमटेही बंद. विकत काही आणावं लागत नाही आणि ओळ कुणाचीच कोरी राहत नाही.

मास्तरांचं शनिवारी पुसणं मला पटलं. तरीही टिंबं कशाला, हा प्रश्न आहेच.

निवृत्त गुरुजी (कोरेगाव)

तारे, टिंबं, टाळ्या! आमच्या वेळी अंगठे धरायला लावले की आठवडाभर वर्ग सरळ. कायदा आला आणि मास्तर पोरांच्या मिनतवाऱ्या करायला लागला.

पण कामं वाटून देण्याचं बाईंनी बरोबर धरलंय. याच साताऱ्यात कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९२४ मध्ये वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, स्वयंपाक, पाणी, झाडलोट स्वतः करायची. तिथं तारे कुणी वाटले नाहीत.

कोयनाकाठ

गुरुजी, वसतिगृहातली पोरं पहिलीतली नव्हती. आणि अंगठे धरून सरळ झालेला वर्ग आम्हीही बघितलाय, त्यात बसून. निम्मी पोरं चौथीनंतर गुरं राखायला गेली.

डीएडची विद्यार्थिनी (सांगली)

यावर प्रयोग झालेत, थोडक्यात सांगते. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली, आवडीनं चित्र काढणारी मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. पुढं मोकळ्या वेळेत याच मुलांनी इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रात घालवला. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस दिलं त्यांच्यावर असा परिणाम दिसला नाही. म्हणजे ‘हे केलंस तर तारा’ हा सौदा नडतो.

दुसरी बाजूही आहे. १९६९ मध्ये चौथीच्या एका वर्गाचे दोन गट पाडून ‘चांगल्या वागणुकीचा खेळ’ घेतला गेला. नियम मोडला की सगळ्या गटाच्या नावावर खूण, आणि खुणा कमी राहिल्या तर दोन्ही गट जिंकू शकतात. दंगा एकदम उतरला. पुढं १९८५ पासून बाल्टिमोरला पहिलीच्या वर्गांतही हा खेळ झाला. तिथं एकट्या पोराचं नाव भिंतीवर नसतं.

कोयनाकाठ

ताई, पहिल्या प्रयोगातली मुलं आवडीनं चित्र काढणारी होती असं तुम्हीच लिहिलंय. आवडीच्या कामाला बक्षीस लावून आवड घालवली, समजलं. माझ्या पोरांना बसायचीच आवड नाही, त्यातून घालवायचं काय? नावडत्या कामाला सुरुवातीला धक्का लागतो. दिवाळीपर्यंत तारे द्यायचे, मग हळूहळू बंद करायचे, मी असंच करते. बंद केल्यावर कुणी विचारतही नाही. विचारतात फक्त तपासणीला आलेले साहेब: मॅडम, तक्ता कुठंय?

गटाचा खेळ बघते करून. पण दुसरीतली पोरं पहिलीतल्याला ‘तुझ्यामुळं हरलो’ म्हणून सुटल्यावर बुकलतील, त्याचं काय ते प्रयोगवाल्यांना विचारा.

फडावरचा मास्तर (कराड)

पहिली वेगळी आणि दुसरी वेगळी असे गट करू नका. प्रत्येक गटात दोन्हीतली पोरं घाला, आणि चावऱ्याला तुमच्याजवळच्या गटात. बुकलाबुकली अगदीच थांबत नाही, कमी होते.

पहिलीच्या बाई (जावळी)

साहेबांना तक्ता हवा असेल तर कामांचा लावा. कुणाकडं पाणी, कुणाकडं चपला. सगळ्यांची नावं, आणि दर सोमवारी बदलतो म्हणून ताजा दिसतो. ताऱ्यांचा मात्र दिवाळीपर्यंतही नको, या मतावर मी आहेच.

कोयनाकाठ

मला तिसरा शिक्षक द्या, त्याच दिवशी उतरवते.

माणदेशी

पट किती तुमचा?

कोयनाकाठ

एकतीस.

माणदेशी

मग साठाच्या वर जायला अजून तीस पोरं आणा. आमच्याकडचा धनगरांचा एक वाडा पाठवू का, मेंढरांसकट?