गाठीत विषाणू टोचून स्तनाचा कॅन्सर बरा होतो? ताई केमो सोडायला निघालीय

धाकटी
ताईला ट्रिपल निगेटिव्ह (स्तनाच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघालाय. वय 44, स्टेज 2. केमोच्या तीन सायकल झाल्या. चौथीच्या तोंडावर कुणीतरी तिला बातमी पाठवली की झाग्रेबच्या एका शास्त्रज्ञ बाईंनी स्वतःच्या गाठीत गोवराचा विषाणू टोचून घेतला आणि त्या बऱ्या झाल्या. तेव्हापासून एकच घोशा : "मुलांना देतात ती गोवराची लस घेते, केमो बास." बातमी खरी आहे का? तिला हो म्हणवत नाही आणि नाही म्हणायला माझ्याकडे मुद्दे नाहीत.

पेट्रीडिश
आधी महत्त्वाचं : केमो चालू असताना गोवराची जिवंत लस घ्यायची नसते. प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते, लशीतला विषाणूच अंगावर येऊ शकतो.

बातमी खरी आहे, पण तुमच्यापर्यंत अर्धीच आली. त्या बाई म्हणजे बेआता हलासी, स्वतः विषाणूतज्ज्ञ. स्तन काढलेल्या जागी गाठ दुसऱ्यांदा उलटली तेव्हा, 2020 मध्ये, त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेला गोवर-लशीच्या जातीचा विषाणू थेट गाठीत टोचून घेतला, मग व्हीएसव्ही नावाचा दुसरा. सुमारे दोन महिने. गाठ लहान आणि मऊ झाली, आसपासच्या स्नायूंपासून सुटली. पण मग ती ऑपरेशनने काढली आणि पुढे वर्षभर ट्रॅस्टुझुमॅब हे कॅन्सरचं औषध घेतलं. हा भाग फॉरवर्डमध्ये कधीच नसतो.

मी असल्याच विषाणूंवर काम करते. प्रयोगशाळेतल्या ताटलीच्या तळाशी कॅन्सर पेशींचा सलग थर वाढवायचा, वर विषाणू सोडायचा, दोन-तीन दिवसांनी जांभळा रंग ओतून धुवायचा. जिवंत पेशी रंग धरतात. विषाणूने जिथे पेशी फोडल्या तिथे स्वच्छ गोल भोकं. उजेडाकडे धरली की ताटली चाळणीसारखी दिसते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही वाटलं होतं, झालं, जिंकलो! पण ताटलीत प्रतिकारशक्ती नसते. शरीरात ती विषाणूलाच आधी धरते.

गंमत म्हणजे खरं कामही तीच करते. विषाणू आला की पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडून बोंब मारते; बऱ्याच कॅन्सर पेशींची ही यंत्रणा लुळी पडलेली असते, म्हणून विषाणू तिथे फोफावतो. पेशी फुटली की आतला माल बाहेर पडतो आणि प्रतिकारशक्तीच्या तोवर झोपलेल्या टी-पेशींना गाठ ओळखू येऊ लागते. हलासींच्या काढलेल्या गाठीतही लिम्फोसाइट्स, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, खच्चून भरलेल्या होत्या.

मिश्किल
मग असलं औषध बाजारात आहे की नाही?

पेट्रीडिश
आहे, पण दुसऱ्या कॅन्सरसाठी. टी-व्हेक, म्हणजे बदललेला हर्पीस विषाणू, अमेरिकेत 2015 पासून मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी. जपानमध्ये 2021 पासून मेंदूच्या गाठीसाठी एक. टी-व्हेकचा पहिला डोस एका मिलिलिटरला 10 लाख विषाणूंचा, पुढचे 10 कोटींचे, तेही गाठीतच. दंडावरच्या लशीशी याची तुलनाच नाही.

ट्रिपल निगेटिव्हमध्ये टी-व्हेक केमोच्या *जोडीला* देऊन पाहिलंय. 37 पैकी 17 जणींच्या ऑपरेशनमध्ये कॅन्सर शिल्लक सापडला नाही. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे लगेच हुरळून जाऊ नका. पण त्यातही केमो कुणी सोडली नव्हती.

पुन्हा_केस_आले
तिसऱ्या सायकलनंतर मीही असंच काहीतरी शोधत होते. माझ्या बाबतीत तो गोमूत्राचा व्हिडिओ होता. खरं तर मला तोंडातल्या फोडांनी पाणीसुद्धा गिळवत नव्हतं आणि ते कुणाला सांगायची लाज वाटायची. ताईला आधी विचारा, नेमकं काय सहन होत नाहीये. मळमळ, फोड, झोप, सगळ्यावर औषध असतं, डॉक्टरांना सांगितलं तर. आणि पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध तिला लागू आहे का तेही विचारा. प्रतिकारशक्ती जागवायचीच असेल तर हा चाचण्यांतून गेलेला रस्ता आहे.

धाकटी
विचारलं. हातापायांना इतक्या मुंग्या येतात की ब्लाउजचे हुक लागत नाहीत, दोन आठवडे मला न सांगता गाऊनवर काढले. डॉक्टरांना फोन केलाय, चौथ्या सायकलच्या आधी डोसबद्दल बोलणार आहेत. ताटलीचं वाचून दाखवलं तर म्हणाली, "म्हणजे ती बाईपण शेवटी ऑपरेशनला गेलीच की."