ताटातलं वाचलं, डब्यातलं गेलं

लॉकडाऊनमध्ये घरोघरी अन्न वाया जाणं कमी झालं, असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. शिळ्या पोळीचा कुस्करा, फोडणीचा भात, उरलेल्या वरणात भिजवलेली थालीपीठं हे सगळं आमच्याकडेही परत आलं. पण २४ मार्च २०२० च्या रात्री घाबरून भरलेल्या सामानाचं काय? मे महिन्याच्या उकाड्यात रव्याला जाळी धरली, पिठात पोरकिडे झाले, मुगाला भुंगा लागला. ते टाकताना फार वाईट वाटलं. बाहेर माणसं उपाशी चालत गावी निघाली होती.

दुसरी चूक भाज्यांची. भीतीपोटी मेथी-कोथिंबीर आणल्या आणल्या धुऊन ओलीच फ्रिजमध्ये ठेवायचो. दोन दिवसांत सगळी सडायची. निवडून, कोरड्या कागदात गुंडाळून ठेवावी आणि धुवावी ती चिरण्याआधी, हे उशिरा कळलं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२१ च्या अहवालात भारतीय घरांमधून माणशी वर्षाला ५० किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे. तो २०१९ सालचा, म्हणजे साथीच्या आधीचाच.

आणि आजारपणातलं अन्न कुणी मोजतच नाही. सासूबाईंना कोविड झाला तेव्हा त्यांची चव गेली होती. खोलीबाहेर आलेलं उष्टं ताट तसंच टाकावं लागे. मग मी वाटीभरच मऊ भात द्यायला लागले, दर दोन तासांनी, ताजा. तो मात्र त्या संपवायच्या.