‘मोनिन’: अल्बम ब्लेकीचा की गोल्सनचा?

खर्ज:
ड्रमर आर्ट ब्लेकी आणि त्याच्या जॅझ मेसेंजर्स या बँडचा ‘मोनिन’ (ध्वनिमुद्रण ३० ऑक्टोबर १९५८) ड्रमरचा अल्बम म्हणून मिरवला जातो. रचना सहा. चार सॅक्सोफोनवाल्या बेनी गोल्सनच्या, एक पियानिस्ट बॉबी टिमन्सची, सहावं जुनं लोकप्रिय गाणं. ब्लेकीची एकही नाही. चर्चचं गाणं, हार्ड बॉप (ब्लूज आणि चर्चसंगीताकडे झुकलेला जॅझ), मार्च (कवायतीचं संगीत), लॅटिन ही मिसळ कागदावरच झालेली होती. मग ड्रमरला श्रेय कसलं?

झांज:
कागदावर सूर असतात हो, ठेका नसतो. शीर्षकरचना ऐका. पहिल्या ८ बारमध्ये (बार म्हणजे चार मात्रांचं आवर्तन) पियानो ओळ टाकतो आणि बाकीचे दोन सुरांत ‘आमेन’ म्हणतात, शाहिरामागे झीलकऱ्यांचं ‘जी जी रं जी’ असतं तसं. पुढच्या ८ बारमध्ये ट्रंपेट-सॅक्स ओळ घेतात. तिसऱ्या भागात सवाल-जवाब थांबतो, डबल बास (उभं, खर्जातलं तंतुवाद्य) दर मात्रेला सूर टाकत चालू लागतो. चर्चमधून क्लबमध्ये नेणारा तो सांधा ड्रमवरच जुळतो.

तिहाई:
वाजवून बघा म्हणजे कळेल. याच अल्बममधला गोल्सनचा ‘ब्लूज मार्च’ १२ बारचा ब्लूज, वर स्नेअरवर (ताशासारख्या खणखणीत ड्रमवर) मिरवणुकीचा ठेका. बहुतेक बँड मार्च सरळ समान वाजवतात आणि सोलो आला की स्विंगला (जॅझच्या झुलत्या, लांब-आखूड लयीला) वळतात. तिथेच गाडी आदळते. मार्चमध्येच मात्रेचे तीन भाग धरून २:१ अशी विभागणी हवी, मग वळावंच लागत नाही. दुसरी मेख पायाने वाजणाऱ्या बास ड्रमची: चारही मात्रांवर नुसता हलका टेकवायचा. ठोकलात की डबल बास बुडाला.

खर्ज:
बरं, मग ‘ड्रम थंडर स्वीट’चं (स्वीट म्हणजे तुकड्यांची मालिका) काय? साडेसात मिनिटं, तीन तुकडे. मॅलेटला (गुंडाळलेल्या डोक्याच्या काठीला) वाव देणारी रचना ब्लेकीला हवी होती, म्हणून गोल्सनने ती लिहिली. नेमका तिथेच अल्बम विस्कटतो. मॅलेटचं डोकं मऊ, टॉमचा (ड्रमसेटमधल्या घुमणाऱ्या ड्रमचा) घुमारा लांबतो, घाव एकमेकांत मिसळतात.

झांज:
म्हणूनच तिथे घावांची गर्दी नको असते, जागा सोडावी लागते. आणि मागणी ब्लेकीची होती हे तुम्हीच लिहिलंत! गोल्सन १९५९ मध्ये बाहेर पडला, पुढे सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर आला, तरी ‘ब्लूज मार्च’ बँडच्या मैफिलींत वाजतच राहिला.

खर्ज:
लिहिणारा गेला तरी वाजत राहिला, म्हणजे रचनाच भक्कम. माझं म्हणणं तेच आहे.