कामगारांच्या स्वतःच्या फोनला ऑफिसचं कुलूप किती घट्ट लावायचं?

काजूगर, वेंगुर्ला तालुका

आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. मी अकाउंट्स बघतो. प्रिंटर अडकला की मलाच हाक मारतात, त्यामुळे 'कॉम्प्युटरवाला'ही मीच. कामाचे ११ फोन, सगळे ज्याचे त्याचे. पार्ट्यांचे रेट, २४० नंबरचा काजू किती नि ३२० चा किती, मेल, सगळं त्यावरच.

मे महिन्यात एका मुलाचा फोन एसटीत राहिला. शेट घाबरले आणि कुणा कन्सल्टंटने सांगितलेलं अ‍ॅप सगळ्यांच्या फोनवर घालायला लावलं. आता एका मिनिटात स्क्रीन लॉक, आठ अक्षरी पासवर्ड, तोही दर महिन्याला नवा, वर एसएमएसने ओटीपी.

टरफलाच्या तेलाने बायकांच्या बोटांची सालं गेलेली, फिंगरप्रिंट लागतच नाही. पावसात लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो, मग ओटीपी येणार कुठून? ग्रेडिंगच्या ताईंनी पासवर्डची चिठ्ठी फोनच्या कव्हरात घालून ठेवलीय. बाकीचे वजनकाट्याचा फोटो काढून सरळ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. त्या ग्रुपवर काम सोडून गेलेले दोघे अजून आहेत!

मुकादमांनी तर अ‍ॅप घेतलंच नाही. "तुमचो शेट माझ्या नातीचे फोटू बघतलो काय?" मी म्हटलं, नाय हो काका. पण खरं सांगतो, मलाही खात्री नव्हती.

परत आलेला, रत्नागिरी

काकांची भीती अर्धी खरी असू शकते. अ‍ॅपने 'डिव्हाइस अ‍ॅडमिन'ची परवानगी मागितली होती का? त्या पडद्यावर 'सगळा डेटा पुसणे' असेल तर तेवढ्यावर नातीचे फोटो बघता येत नाहीत, पुसता मात्र येतात. तेही अख्ख्या फोनमधले.

अँड्रॉइडमध्ये २०१४ च्या ५.० पासून 'वर्क प्रोफाइल' आहे. फोनमध्ये ऑफिसचा वेगळा कप्पा होतो, त्यातल्या अ‍ॅपवर छोटी बॅग दिसते. त्या कप्प्याला वेगळं कुलूप लावता येतं. फोन हरवला किंवा माणूस सोडून गेला तर तेवढाच कप्पा पुसायचा, घरचं तसंच राहतं. घरचे फोटो मालकाला दिसत नाहीत. कन्सल्टंटला हे विचार, आणि तो 'दोन्ही एकच आहे' म्हणाला तर कन्सल्टंट बदल.

ग्रुपवरून त्या दोघांना मात्र आजच काढ. त्याला अ‍ॅप लागत नाही.

कलमवाला, देवगड

आंब्याच्या चिकाने आमचीही हीच गत. डाव्या हाताची करंगळी नोंदवा, ती कामात कमी येते.

पतसंस्थेतली, चिपळूण

एसएमएसचा नाद सोडा. ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा कोड फोनमध्येच तयार होतो, साधारण दर ३० सेकंदांनी बदलतो, रेंज लागत नाही. फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं. तुम्ही जिथे लॉगिन करता तिथे ती सोय आहे का, तेवढं बघा.

दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावणं तर अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनेच २०१७ मध्ये नको म्हटलंय. माणसं शेवटचा आकडा वाढवतात, दुसरं काय? लांब पासवर्ड एकदाच द्या आणि फुटल्याची शंका आली तरच बदला. आमच्याकडेही चिठ्ठ्या होत्या. आमच्या कीबोर्डखाली.

काजूगर, वेंगुर्ला तालुका

परवानगीची यादी वाचली. 'सगळा डेटा पुसणे' आहे. काकांची माफी मागितली.

वर्क प्रोफाइल आधी माझ्याच फोनवर लावून बघितलं. करंगळीही नोंदवली, भर पावसात चालली. काकांना बॅगवाली अ‍ॅप दाखवली तर त्यांनी एकच विचारलं, ही बॅग संध्याकाळी बंद करता येते काय? येते, एका बटणावर. मग लगेच स्वतःचा फोन पुढे केला.

सहानंतर बॅग बंद असणार, हे शेटना अजून सांगितलेलं नाही.