मदत हवी आहे: घरी बनवलेल्या पिनबॉलचा डॉट मॅट्रिक्स डिस्प्ले फ्लिपर मारला की सरकतो

नमस्कार मंडळी,

गेले आठ महिने घरी पिनबॉल मशीन बांधतोय. रॅम्प, बंपर, चेंडू मारणारे फ्लिपर सगळं मार्गी लागलं, पण स्कोअरच्या डिस्प्लेवर गाडी अडली आहे.

१९९० च्या दशकातल्या मशीनवर असायचा तसा नारिंगी, १२८ बाय ३२ ठिपक्यांचाच डॉट मॅट्रिक्स (ठिपक्यांनी चित्र काढणारा) डिस्प्ले हवा हा माझा हट्ट. मूळ डिस्प्ले प्लाझ्मा काचेचा, त्याला शंभराहून जास्त व्होल्ट लागतात, म्हणून तो नाद सोडला आणि ६४ बाय ३२ ची दोन हब७५ (रिबन केबलने जोडायच्या प्रकारची) एलईडी पॅनेल शेजारी शेजारी लावली. ती ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर चिपवर चालतात. ईएसपीचा सिग्नल ३.३ व्होल्टचा आणि पॅनेलला हवा ५ चा, म्हणून मध्ये ७४एचसीटी२४५ ही व्होल्टेज जुळवणारी चिप टाकली आहे. प्रत्येक ठिपक्याला ४ बिट, म्हणजे १६ छटा. टेबलावर हे सगळं इतकं सुंदर दिसलं की तासभर नुसता बघत बसलो होतो.

खेळाचा मुख्य कंट्रोलर खाली प्लेफील्डजवळ (चेंडू फिरतो त्या फळीजवळ) आहे. तो सिरियल वायरवरून ९,२१,६०० बॉडने (सेकंदाला तितके बिट) सेकंदाला ३० फ्रेम वर पाठवतो. वायर साधारण ८० सेंटीमीटर.

अडचण अशी: फ्लिपर सोडला की कधी कधी अख्खं चित्र उजवीकडे सरकतं, तेही बरोबर दोन ठिपके. आणि ते परत जागेवर येत नाही. पुढच्या वेळी आणखी दोन. उजवीकडून बाहेर गेलेला भाग खालच्या ओळीत डावीकडे उगवतो. रिसेट केलं की ठीक. शिवाय अधूनमधून एखादी ओळ क्षणभर चमकून जाते.

फ्लिपर हलवणाऱ्या कॉइल (विद्युतचुंबक) ४८ व्होल्टच्या आहेत, प्रत्येकीवर बंद होतानाचा झटका जिरवणारा डायोड आहे, एकेक तपासून पाहिला. पॅनेलचा ५ व्होल्ट सप्लाय वेगळा आहे. ७४एचसीटी२४५ बदलून पाहिला, फरक नाही. पॅनेलच खराब असतील का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

पॅनेल बदलू नका, ती ठणठणीत आहेत. हब७५ मध्ये प्रत्येक ओळ दर वेळी नव्याने भरली जाते, त्यामुळे तिथे शिरलेला गोंधळ पुढच्या फेरीत पुसला जातो. तुमची चमकणारी ओळ त्यातली असू शकते. कायमचं सरकणं मात्र त्याच्या अलीकडे घडतंय.

४ बिटचा एक ठिपका म्हणजे एका बाइटमध्ये दोन ठिपके. तुमचं चित्र दोनच ठिपके सरकतं, म्हणजे एक बाइट जास्तीचा येतोय. कॉइल बंद होताना सिरियल वायरवर विजेचा क्षणिक झटका बसतो, ईएसपीला तो स्टार्ट बिट (नव्या बाइटची सुरुवातीची खूण) वाटतो आणि एक भलताच बाइट रांगेत घुसतो. तुमचा कोड बहुतेक नुसते २०४८ बाइट मोजत बसतो. एकदा मोजणी चुकली की चुकलीच.

आता हिशोब बघा. २०४८ बाइट त्या वेगाने जायला साधारण २२ मिलिसेकंद लागतात आणि फ्रेम येते ३३ मिलिसेकंदांनी. मध्ये ११ मिलिसेकंद वायर गप्प असते. ती शांतताच फ्रेमची हद्द समजा: ३ मिलिसेकंद काही आलं नाही की मोजणी शून्यावर आणा. नेमके २०४८ भरले नसतील तर ती फ्रेम टाकून द्या, आधीचीच दाखवत राहा. पुढे वेळ मिळाला की चेकसमही (मजकूर बरोबर आला का ते ताडायची बेरीज) घाला, कारण बाइटची संख्या बरोबर असून आतला मजकूर बिघडलेला असू शकतो.

आणि एक विचारतो, कॉइलचा परतीचा करंट आणि सिरियलचं ग्राउंड एकाच वायरमधून जातंय का?

धागाकर्ता

मनापासून आभार! शांतता पाहून मोजणी शून्यावर आणणारा कोड काल रात्री टाकला. दोनशे वेळा फ्लिपर मारला, चित्र एकदाही सरकलं नाही. टाकून दिलेल्या फ्रेम मोजल्या, सात निघाल्या, आणि डोळ्यांना त्यातली एकही जाणवली नाही.

ग्राउंडचं तुम्ही बरोबर ओळखलंत, दोन्हीला एकच वायर आहे. ती उद्या वेगळी करतो. ओळ चमकणं अजून थांबलेलं नाही. ग्राउंड वेगळं करूनही राहिलं, तर सिरियलसाठी पीळ दिलेली जोडवायर आणि आरएस-४८५ (जोडवायरवरून सिग्नल पाठवायची, गोंगाट सहन करणारी पद्धत) लावावं, की आधी पॅनेलची रिबन केबल आखूड करून पाहावी? ती सध्या ४० सेंटीमीटर आहे आणि कॉइलच्या वायरींना अगदी खेटून जाते.