आत्म्याच्या प्रेरणेने केलेली प्रार्थना पुस्तकातली असू शकते का?

प्रश्न (गुरुवारची सभासद):
सर्वांना जय ख्रिस्त. मी ज्या मंडळीत वाढले तेथे रविवारची उपासना पुस्तकातून चालते, त्यामुळे पापांगीकार, विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना मला तोंडपाठ आहेत. लग्नानंतर मी घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला जाऊ लागले. तेथे प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत मोठ्याने प्रार्थना करायची असते. माझी पाळी आली की "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या" यापुढे काही सुचत नाही. पाठ केलेली प्रार्थना ओठांची असते, आत्म्याची नव्हे, असे एका ज्येष्ठ बहिणीने मला प्रेमानेच सांगितले. तेव्हापासून रविवारी पुस्तक उघडतानाही संकोच वाटतो.

नगरकर:
ताई, शब्द न सुचणे हा प्रेरणेचा अभाव आहे असे मानू नका. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की, कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला ठाऊक नसते, तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. जुन्या करारातील हन्ना प्रार्थना करताना तिचे तर केवळ ओठ हलत होते. एली याजकाला ती प्यालेली वाटली, आणि तिचे मन देवापुढे रिते होत होते. सभेत दोन वाक्यांवर थांबलात तरी बिघडत नाही.

केडगावची वाचक:
मोठ्याने केलेल्या प्रार्थनेकडेही अनादराने पाहू नये, एवढे मात्र मला सांगावेसे वाटते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रिया-मुलींसाठी चालवलेल्या आश्रमात, १९०५ च्या जून महिन्याअखेर संजीवन (सामूहिक आत्मिक जागृती) आले, तेव्हा मुली रडत, पापे कबूल करत, एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करत होत्या. परंतु त्याआधी, जानेवारीपासून, पंडिता रमाबाईंच्या विनंतीवरून सुमारे ७० जणी रोज एकत्र येऊन प्रार्थना करू लागल्या होत्या, ही गोष्ट आपण सांगताना बहुधा गाळतो. रोज ठरावीक वेळी गुडघे टेकणे हा आत्म्याला अडथळा ठरला नाही. शिवाय याच रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शब्दांशी वर्षानुवर्षे झटून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करत राहिल्या. प्रत्येक शब्द तोलणे आणि मन मोकळे करणे या त्यांच्या लेखी परस्परविरोधी गोष्टी नव्हत्या.

निवृत्त पाळक:
मला वाटते, प्रश्नाची मांडणीच किंचित चुकते आहे. वधस्तंभावर येशूने "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असा आक्रोश केला, ते शब्द बाविसाव्या स्तोत्राचे आहेत, प्राण सोडताना उच्चारलेले शब्दही स्तोत्रातलेच. गेथशेमाने बागेत त्याने तेच शब्द पुन्हा उच्चारून प्रार्थना केली, असे मत्तय नोंदवतो. ज्या निरर्थक बडबडीविषयी प्रभूने सावध केले, ती पुस्तकातून होते तशीच, थोडे स्पष्ट बोलतो, "प्रभू, प्रभू" म्हणत लांबवलेल्या उत्स्फूर्त प्रार्थनेतूनही होते. माझी सूचना अशी की, एकांतात एक स्तोत्र सावकाश वाचावे आणि ज्या ओळीशी मन अडेल तेथून पुढे स्वतःच्या शब्दांत बोलावे; आजाऱ्याच्या खाटेशेजारी मी अनेक वर्षे असेच करत आलो.

गुरुवारची सभासद:
आपणा सर्वांचे आभार. काल एकशे तिसावे स्तोत्र घेतले. "हे परमेश्वरा, मी खोल स्थळांतून तुझा धावा करतो" यापुढे वाचणे झाले नाही, कारण आईच्या आजारपणाविषयीचे जे सभेत कधी बोलता आले नव्हते ते सारे तेथेच बाहेर आले.